आमची वाटचाल: एक सर्व्हर, अनेक नावं

होस्टिंगचं, म्हणजे लोकांच्या वेबसाइट सर्व्हरवर ठेवून चालवायचं काम सुरू केलं तेव्हा आमच्या दोघांकडे भाड्याचा एकच सर्व्हर होता. सगळ्या ग्राहकांच्या साइट त्याच आयपी पत्त्यावर (इंटरनेटवरचा सर्व्हरचा क्रमांक). ब्राउझर कोणत्या नावाने हाक मारतो ते पाहून अपाची हा वेब सर्व्हर प्रोग्राम त्या त्या साइटची पानं देतो, त्यामुळे कुठे अडायचं नाही. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा सर्वांसाठी खुली झाली, साइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेट मोफत मिळू लागली आणि आम्ही एकेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवर न्यायला घेतली. खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

एका सकाळी नृत्यवर्ग चालवणाऱ्या एका मॅडमचा फोन आला. "अहो, आधी धोक्याची सूचना येते, आणि पुढे गेलं की माझ्या साइटच्या जागी फर्निचरचं दुकान दिसतंय! कोणी हॅक केलंय का?" त्यांचे प्रवेशाचे दिवस होते, आवाज रडवेला झाला होता. आम्ही घाईघाईने नवीन सर्टिफिकेट काढलं. फरक पडेना, म्हणून पुन्हा काढलं. त्याच नावांसाठी आठवड्याला पाचच सर्टिफिकेट मिळतात; दुपारपर्यंत ती मर्यादाही संपली.

संध्याकाळी अपाचीची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ओळ न् ओळ वाचली, तेव्हा उलगडा झाला. पोर्ट 80 च्या, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या ब्लॉकमध्ये (साइटच्या सेटिंगचा भाग) डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन्ही नावं होती. पोर्ट 443 च्या, म्हणजे एचटीटीपीएसच्या ब्लॉकमध्ये मात्र डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं सर्व्हरअलियस (साइटचं पर्यायी नाव) लिहायचं राहून गेलं होतं. मागितलेलं नाव सापडलं नाही की अपाची त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक पुढे करतो. प्रत्येक साइटची फाइल वेगळी, त्या वाचल्या जातात अक्षरक्रमाने, आणि फर्निचरवाल्यांचं नाव सुरू होत होतं 'ए'पासून. म्हणून साइटही त्यांची आणि सर्टिफिकेटही त्यांचंच. एक ओळ घातली, अपाची रिलोड केला (सेटिंग पुन्हा वाचायला लावली), वर्गाचं पान परत आलं. सर्टिफिकेट सकाळपासून ठणठणीत होतं!

त्या रात्रीच प्रत्येक सर्व्हरवर सगळ्यात आधी वाचली जाणारी आमची स्वतःची फाइल ठेवली, कोऱ्या पानाची. एका ग्राहकाच्या नावाखाली दुसऱ्याचं दुकान दिसणं मला आजही फार गंभीर वाटतं.

पुढे एक साइट नव्या सर्व्हरवर हलवली, तेव्हा नाव कोणत्या आयपीवर जातं ते सांगणाऱ्या डीएनएसमधला, जुन्या पद्धतीच्या पत्त्याचा ए रेकॉर्ड बदलला, पण नव्या पद्धतीच्या पत्त्याचा, म्हणजे आयपीव्ही6 चा क्वाड-ए रेकॉर्ड जुन्याच सर्व्हरकडे राहिला. आमच्या ऑफिसात आयपीव्ही6 नव्हतं, त्यामुळे आम्हाला नवीच साइट दिसायची. ग्राहकाला मोबाइलवर जुनी दिसायची, आणि दोन दिवस आम्ही त्यांना ब्राउझरची कॅश (साठवलेली जुनी पानं) साफ करायला सांगत राहिलो. क्वाड-ए असेल तर लेट्स एन्क्रिप्टसुद्धा साइट आपल्याच ताब्यात आहे ना या तपासणीला आधी तिकडेच जातं, म्हणून सर्टिफिकेटचं नूतनीकरणही अडलं होतं. ग्राहक बरोबर सांगत होते.

सर्टिफिकेट नवीन झालं, पण सर्व्हर रिलोडच झाला नाही आणि मेमरीतलं जुनंच 90 दिवसांनी संपलं, हेही एकदा अनुभवलं. आता नूतनीकरणाला रिलोड जोडूनच दिलेला असतो.

2025 च्या जुलैमध्ये अपाची 2.4.64 आला आणि अद्ययावत केल्यावर काही साइटवर 421 चा एरर झळकला: मिसडायरेक्टेड रिक्वेस्ट, म्हणजे चुकीच्या जागी आलेली विनंती. पुढे विनंती घेणारा एनजिनेक्स हा दुसरा वेब सर्व्हर आणि मागे अपाची अशी रचना असलेल्याच साइट त्यात होत्या. मागच्या अपाचीशी एचटीटीपीएसने बोलताना एनजिनेक्स एसएनआयमधून (सुरक्षित जोडणी सुरू होताना हवं ते नाव सांगायची सोय) साइटचं नाव आपणहून पाठवत नाही. आधी ते खपून जायचं, आता अपाचीने तपासणी कडक केली. एनजिनेक्समध्ये ते नाव पाठवायची सेटिंग चालू केली आणि एरर गेला. या वेळी सर्टिफिकेटला कोणी हातही लावला नाही.

आता फोन आला की आमच्याकडचा नवा मुलगासुद्धा आधी विचारतो, "पत्त्याच्या पट्टीत नेमकं काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचून दाखवता का?" मग ते नाव कोणत्या आयपीवर जातंय ते बघतो, आणि ओपनएसएसएल या जोडणी तपासायच्या साधनाला तेच नाव देऊन सर्व्हर कोणतं सर्टिफिकेट दाखवतोय ते तपासतो. नृत्यवर्गाच्या मॅडम अजून आमच्याकडेच आहेत.