कोलंबसच्या पार्किंगमध्ये विल हॉवर्डवर भरलेला खटला

नायगारा बघितला, छान आहे. शिकागोही छान आहे, वारा तेवढा फार. दोन्हींचे फोटो फेसबुकवर टाकून झालेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल इथं लिहीत नाही. लिहायचंय ते कोलंबसबद्दल. ही ओहायो राज्याची राजधानी, आणि माझ्या भाचीचं घर इथं आहे. इथं बघण्यासारखं काय, असं विचारलं तर तिथलेच लोक जरा घुटमळतात आणि मग "स्टेडियम" म्हणतात.

भाची आणि जावई दोघंही ओहायो स्टेट विद्यापीठात शिकलेले. जावई नागपूरचे, एरवी अबोल. भाजीत मीठ नसलं तरी बोलणार नाहीत. पण नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की त्यांच्या अंगात येतं. मिशिगन विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलची मॅच असते ना! ते नावसुद्धा तोंडातून काढत नाहीत, "ते उत्तरेकडचे" म्हणतात. मला विद्यापीठाच्या आवारात फिरायला नेलं, तर पाट्यांवर जिथं जिथं इंग्रजी 'एम' अक्षर होतं तिथं तिथं त्याच्यावर लाल चिकटपट्टीची फुली. मी विचारलं, हे कोण करतं? जावई शांतपणे म्हणाले, "विद्यार्थी करतात, मामा. दरवर्षी." जणू गणपतीत आरास कोण करतं असं मी विचारलं होतं.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलवेड शिकवायची गरज नाही. आमचा फुटबॉल वेगळा, पायानं खेळायचा, पण शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी तालमींची मॅच बघितलेल्या माणसाला दोन पेठांची खुन्नस समजते. त्यामुळे मी म्हटलं, चला, दाखवा तुमचं काय ते.

तारीख होती ३० नोव्हेंबर २०२४, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. स्टेडियम १९२२ चं, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, एका वेळी लाखाच्या वर माणसं बसतात. तिकिटाचा भाव ऐकला आणि मी म्हटलं, बाहेर टीव्हीवर बघू. भाचीला हायसं वाटलं असावं. मग ओलेंटँजी नदीपलीकडच्या एका पार्किंगमध्ये आम्ही सकाळी साडेआठला जाऊन थांबलो. मॅच बाराला! साडेतीन तास नुसती थंडी खात उभं राहायचं आणि त्या उभं राहण्याचे पार्किंगवाल्याला पैसे द्यायचे, हा प्रकार मला शेवटपर्यंत पटला नाही. पारा शून्याच्या खाली. प्लॅस्टिकच्या फिरत्या संडासांपुढे रांग. आत गेल्यावर तीन थरांच्या कपड्यांचं काय करायचं, हा प्रत्येकानं आपापला सोडवायचा प्रश्न.

पाहुणचार मात्र मान्य केला पाहिजे. शेजारी एका पिकअप ट्रकच्या मागच्या फळीवर जनरेटर, त्याला जोडलेला टीव्ही, आणि खाली ग्रिल पेटवून एक दांडगे काका उभे. ओळख ना पाळख, माझ्या हातात कागदी वाटी दिली. त्यात राजमा आणि खिमा, वर किसलेलं चीज. रंग झणझणीत, चव अगदी सात्त्विक. त्यांच्या खुर्चीशेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी, गुडघ्यांवर विद्यापीठाचं ब्लँकेट. त्यांनी डब्यातून चॉकलेटमध्ये बुडवलेले शेंगदाणा लोण्याचे लाडू काढले. त्यांना बकाय म्हणतात, त्या नावाच्या झाडाच्या बीसारखे दिसतात म्हणून. संघाचं नावही तेच. कुणीतरी लांबून "ओ-एच" असं ओरडायचं, बाकीच्यांनी "आय-ओ" म्हणायचं. मी गप्प उभा होतो, तर आजींनी कोपरानं ढोसलं.

मॅचबद्दल थोडक्यात सांगतो. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर, अकरापैकी दहा जिंकलेले. मिशिगन सहा जिंकून पाच हरलेले, त्यातून त्यांचे दोन मोठे खेळाडू त्या दिवशी मैदानात नाहीत. सगळे म्हणत होते, वीस गुणांनी तरी जिंकू. आणि हरले १३-१०. दुसऱ्या अर्ध्यात ओहायो स्टेटला एक गुणसुद्धा मिळाला नाही. पंचेचाळीस सेकंद राहिलेले असताना मिशिगननं फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेनं चेंडू खांबांमधून घालून तीन गुण घेतले, आणि त्यानंतर ओहायो स्टेटच्या विल हॉवर्डचे चारही पास जमिनीवर. सलग चौथ्या वर्षी हार. मग मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांनी तिखटाचा फवारा मारला. आमच्या पार्किंगमध्ये मात्र इतकी शांतता की जनरेटरचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

आणि मग खटला सुरू झाला.

गाड्या हलत नव्हत्या. लेन अव्हेन्यू तुंबलेला, त्यामुळे कुणालाच कुठं जाता येत नव्हतं. आरोपी विल हॉवर्ड, वय २३, शर्ट नंबर १८, खेळायची जागा क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक डावात ज्याच्या हातात आधी चेंडू येतो तो. पुढं फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतः पळायचं, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, आणि तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात.

ग्रिलवाल्या काकांनी हातातला चिमटा आपटून आरोप वाचला. दोन इंटरसेप्शन, म्हणजे दोनदा फेकलेला चेंडू थेट शत्रूच्या हातात. त्यातला पहिला तर मिशिगननं ओहायोच्या दारात आणून ठेवला आणि पुढच्या झटक्यात टचडाऊन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडं नेला. "तेच सात गुण आपल्याला नडले. मोठ्या मॅचला हा पोरगा गळपटतो! ऑरेगॉन आठवतंय ना?"

सगळ्यांना आठवत होतं. १२ ऑक्टोबरला युजीनमध्ये ३२-३१ असा पराभव. शेवटच्या क्षणी हॉवर्ड चेंडू घेऊन पळाला, घसरून खाली बसला, आणि घड्याळ शून्यावर आलेलं. एक सेकंद आधी बसला असता तर फील्ड गोल मारून बघता आला असता. त्या घसरण्याचा ॲक्शन रिप्ले काकांनी तिथं डांबरावर करून दाखवला. ऐंशी-नव्वद किलोचा माणूस, त्या थंडीत. मला त्यांच्या कमरेची काळजी वाटली.

जावयांनी आकडे काढले. ३३ पैकी १९ पास पूर्ण, १७५ यार्ड, एक टचडाऊन. "आकडे वाईट आहेत, पण दोन किक कुणी चुकवल्या? दोन्ही चाळीस यार्डांच्या आतल्या. त्या बसल्या असत्या तर सोळा झाले असते." लाल टोपीतलं एक पोरगं म्हणालं, किकरला कोण विचारतो, पैसे क्वार्टरबॅकला मिळतात. इथं वादाला वेगळंच वळण लागलं. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना जाहिराती वगैरेंतून उघड पैसे घेता येतात, आणि ओहायो स्टेटच्या या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाल्याचं सगळीकडे छापून आलं होतं. हॉवर्डही इथला नव्हेच, कॅन्सस स्टेटकडून खेळून शेवटच्या वर्षाला इकडं आलेला. म्हणून त्या पोराचं म्हणणं, विद्यार्थी म्हणून दया मागू नका, हा कामाला ठेवलेला माणूस आहे.

आजी तोपर्यंत गप्प होत्या. त्यांनी ब्लँकेट नीट केलं आणि विचारलं, "मधोमध पळायला कुणी सांगितलं?"

कुणी बोलेना. मग त्यांनीच मांडलं, आणि त्या दिवसभरात खेळाबद्दल ऐकलेलं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं तेच. हॉवर्डपुढं भिंत करून उभ्या राहणाऱ्या पाच जणांपैकी दोन खंदे गडी जायबंदी. डावीकडचा ऑरेगॉनच्या मॅचमध्ये गेला, मधला नोव्हेंबरात. मिशिगनची ताकद बरोबर मधोमध, तिथं त्यांचे दोन अजस्र टॅकल, म्हणजे मधली वाट अडवणारे गडी. आणि आपल्याकडं कडेनं पळून चेंडू झेलणारी देशातली सगळ्यात चांगली पोरं. तरी कोचनं पुन्हा पुन्हा मधोमध डोकं आपटायला लावलं. २६ वेळा पळाले, मिळाले ७७ यार्ड. "पोरगा चुकला. पण त्याला त्या खड्ड्यात कुणी ढकललं? कोचला वर्षाला जवळपास कोटभर डॉलर मिळतात, आणि तो तेवीस वर्षांचा नाही."

मग त्यांनी सोन्याच्या पँटची गोष्ट सांगितली. १९३४ पासून, मिशिगनला हरवलं की ओहायोच्या प्रत्येक खेळाडूला नखाएवढी सोन्याची पँट मिळते, साखळीत घालायची. इथं चार वर्षं खेळलेल्या या पोरांकडं एकही नव्हती. हे सांगताना आजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काका एकदम ग्रिल पुसायला लागले. पाच मिनिटांनी परत: "पण चेंडू त्यानंच फेकला ना?"

मला स्वतःला राग येत होता, पण तो हरण्याचा नव्हता. आमच्याकडंही शिव्या कमी नसतात. पण शाहू स्टेडियमवर पेनल्टी घालवलेला पोरगा दुसऱ्या दिवशी त्याच पेठेत दूध आणायला बाहेर पडतो, आणि शिव्या घालणाऱ्याला त्याच्या आईच्या दारावरून जावं लागतं. त्यामुळे शिवीला आपोआप मर्यादा येते. इथं एक लाख माणसं आत, तेवढीच बाहेर, आणि त्यातल्या कुणालाच हा पोरगा उद्या चौकात भेटणार नाही. मोबाईलवर काय काय लिहिलं जात होतं ते लाल टोपीवाला हसत वाचून दाखवत होता. भाचीनं शेवटी त्याला सांगितलं, बास. तिला मी इतकं कडक बोलताना आधी ऐकलेलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा बोटं सुन्न, पोटात लाडू. भाचीनं पिठलं टाकलं. जावई मोबाईलमध्ये बघून अचानक हसायला लागले, आणि ते हसू काही बरं नव्हतं. आदल्या वर्षी काइल मकॉर्ड इथं क्वार्टरबॅक होता. मिशिगनविरुद्ध त्याचाही शेवटचा पास शत्रूनं पकडला, ३०-२४ हरले, लोकांनी त्याचं जगणं नकोसं केलं आणि तो सिराक्यूजला निघून गेला. त्याच्या जागी हॉवर्डला आणलं. आणि त्याच शनिवारी संध्याकाळी मकॉर्डच्या सिराक्यूजनं २१-० अशा पिछाडीवरून मायामीला ४२-३८ हरवलं होतं. "मामा, याला आपणच हाकललं होतं," जावई म्हणाले. मी पिठल्यावर तेल घेतलं. काय बोलणार?

पुढचे दिवस मॉल, देवळात सत्यनारायण, विमान.

कोल्हापुरात परतल्यावर विषय संपेल असं वाटलं होतं, पण जावयांचे निरोप चालूच. बारा संघांची बाद फेरी सुरू झाली. ओहायो स्टेटनं टेनेसीला ४२-१७, ऑरेगॉनला ४१-२१, टेक्ससला २८-१४ असं हरवलं. आणि २१ जानेवारीला आमच्याकडं सकाळी, चहाच्या वेळेला, अटलांटात नोत्र डाम विद्यापीठाशी अंतिम सामना. हॉवर्डचे पहिले तेरा पास लागोपाठ पूर्ण, एकही वाया नाही. शेवटी शेवटी नोत्र डाम अंगावर येत असताना त्यानं जेरेमाया स्मिथला ५६ यार्डांचा एक पास फेकला तो बघून मी खुर्चीतून उठलो, बायको म्हणाली चहा सांडला. ३४-२३. राष्ट्रीय विजेते. हॉवर्ड २१ पैकी १७.

मी लगेच जावयांना फोन लावला. म्हटलं, ग्रिलवाले काका काय म्हणतायत? त्यांचा नंबर जावयांकडं होता, त्या दिवशीच घेतलेला. तर काकांचा निरोप आधीच येऊन पडला होता: पोरगा चांगला आहे, मी आधीपासून म्हणत होतो, पण मिशिगनचं काय?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्ग स्टीलर्स या व्यावसायिक संघानं नव्या खेळाडूंच्या निवडीत हॉवर्डला सहाव्या फेरीत उचललं. त्यानंतरची मिशिगनची मॅच २९ नोव्हेंबर २०२५ ला त्यांच्या गावी, ॲन आर्बरला होती, हॉवर्डशिवाय. काकांना नवा पोरगा शोधणं आलं.