५०० जीबीची म्हातारी डिस्क ते ४८० जीबी एसएसडी: कामाची नोंद

मशीन: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडला लागून असलेलं बिलिंगचं डेस्कटॉप. लिनक्स मिंट, ५१२ एमबीचं ईएफआय (बूटचं) पार्टिशन, बाकी सगळं एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमचं. झाकण उघडलं की आत कापसाच्या तंतूंची गादी. आधी ब्रशनं ती काढायची, मग पुढचं.

शनिवार. स्मार्ट रीडिंग, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद: ५ नंबर (बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे) १६, १९७ नंबर (वाचता न येणारे सेक्टर) २४, १९९ (केबलवरच्या चुका) शून्य. १९९ वाढलेला असता तर आधी साटा केबल बदलून पाहिली असती. इथं डिस्कच्या आतला, डेटा साठवणारा पत्राच खराब होतोय.

अशा डिस्कवर जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅमनं पार्टिशन लहान करायला जाऊ नये. डेटा इकडून तिकडे हलतो, म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर जास्तीचं वाचन-लेखन. जुनी डिस्क एकदाच वाचायची, बाकीची कापाकापी इमेजवर, म्हणजे तिच्या हुबेहूब नकलेच्या फाइलवर.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून (त्यावरूनच लिनक्स चालू करून) डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची नक्कल काढणारा प्रोग्रॅम; इमेज १ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर. ती फॅट३२ नको, तिथं ४ जीबीपुढची फाइल मावत नाही. पहिली फेरी 'एन' पर्यायानं, खराब भाग सोडून. वेग सुरुवातीला ११० एमबी, शेवटी ५५. मध्येच लाइट गेली. मॅपफाइल (कुठवर वाचलं त्याची नोंद) असल्यानं तीच कमांड पुन्हा दिली आणि काम तिथूनच पुढे सुरू झालं. मॅपफाइल मात्र पेनड्राइव्हच्या लाइव्ह सेशनमध्ये ठेवली तर गेलीच समजा, ती इमेजशेजारीच हवी. मे महिना, डिस्क ४९ अंशांवर, म्हणून टेबलफॅन थेट तिच्यावर. दुसऱ्या फेरीत तीन प्रयत्न: २४ पैकी १६ सेक्टर सुटले, ८ गेले.

रविवार. ते ८ सेक्टर सलग, म्हणजे नेमका एक ४ केबीचा ब्लॉक. सेक्टर नंबरातून पार्टिशनची सुरुवात वजा करून ८ नं भागलं, डीबगएफएस या फाइल सिस्टिम तपासायच्या प्रोग्रॅममध्ये आयचेक (ब्लॉकवरून फाइलचा नंबर), मग एनचेक (नंबरवरून नाव). निघाली एक फॉन्ट फाइल. पॅकेज पुन्हा टाकलं की विषय संपतो. हे आकार बदलण्याआधीच करावं, नंतर ब्लॉक दुसऱ्या जागी हललेले असू शकतात.

आता आकार. ५०० जीबी म्हणजे ४६५ जीआयबी (१०२४ च्या हिशोबातले जीबी), ४८० म्हणजे ४४७. आधी ई२एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी), मग रिसाइझ२एफएसनं फाइल सिस्टिम ४३० वर, त्यानंतरच पार्टिशन ४४० वर. उलट केलं तर फाइल सिस्टिमची शेपटी कापली जाते.

डीडी या नक्कल उतरवणाऱ्या कमांडनं इमेज एसएसडीवर ओतताना शेवटी 'जागा संपली' येणारच; उरलेला भाग रिकामा आहे. फक्त जीपीटीची (पार्टिशनांच्या तक्त्याची) टोकाची प्रत त्या उरलेल्या भागातच राहते, ती एसजीडिस्क कमांडच्या 'ई' पर्यायानं नवीन टोकाला आणायची. मग पार्टिशन वाढवा, रिसाइझ२एफएस आकार न देता चालवा.

यूयूआयडी (पार्टिशनची ओळख) तेच, त्यामुळे कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलला हात नाही. पण त्याच कारणानं दोन्ही डिस्क एकत्र जोडून बूट करू नका. ग्रब (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) नव्यावरून आणि रूट (मुख्य फाइल सिस्टिम) जुन्यावरून, असा घोळ होतो आणि तो दिसतही नाही.

बायोसनं बूट एंट्री पुसली होती. ग्रब-इन्स्टॉल 'रिमूव्हेबल' पर्यायानं चालवलं, सुरू. डीडीनं रिकामे ब्लॉकही लिहिलेत, म्हणून कुठले ब्लॉक रिकामे ते एसएसडीला कळवणारं एफएसट्रिम एकदा हातानं. जुनी डिस्क महिनाभर पाकिटात, इमेजही तशीच.