'सेरेंडिपिटस' शिकवताना: माझा अनुभव

चीनमधल्या छंगतू शहरात मी नोकरदार मंडळींकडून आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या तोंडी भागाची तयारी करून घेते. 'सेरेंडिपिटस' हे इंग्रजी विशेषण मी आपणहून शिकवायला घेतलं नसतं. पण भारी शब्दांच्या कुठल्या तरी यादीतून ते पाठ करूनच लोक वर्गात येतात आणि दिसेल तिथे चिकटवतात. बढती मिळाली, सेरेंडिपिटस. लॉटरी लागली, सेरेंडिपिटस. 'मी फार सेरेंडिपिटस आहे' हे तर ठरलेलंच.

बहुतेकांच्या डोक्यात चिनी 'युआनफन' असतं, म्हणजे आपला ऋणानुबंध: भेट व्हायचीच होती. 'सेरेंडिपिटस'मध्ये विधिलिखित काही नाही. शोधत होतो एक, हाती लागलं भलतंच आणि निघालं चांगलं. शिवाय हे विशेषण भेटीला, शोधाला, घटनेला लागतं. माणसाला लावत नाहीत. फ्लेमिंगला 1928 मध्ये अपघाताने सापडलेल्या पेनिसिलिनची गोष्ट सांगून पाहिली. माना डोलल्या, वाक्यं तशीच! शेवटी एका विद्यार्थिनीनेच त्यांच्याकडची जुनी ओळ काढली: मुद्दाम लावलेलं फूल उमललं नाही, सहज खोचलेल्या वाळुंजाच्या फांदीची मात्र सावली झाली. तिथे गाडी रुळावर आली. न उमललेलं फूल आधी सांगा, मगच फांदी, असा नियम मी लगेच करून टाकला.

उच्चाराने जास्त घाम काढला. चिनीत बहुतेक अक्षरांना आपापला सूर, त्यामुळे पाचही अक्षरं सारख्याच वजनाने येत आणि शेवटच्या 'स'ला एक स्वर चिकटे. 'मित्र' या अर्थाच्या त्यांच्या 'फंगयौ'मध्ये 'यौ' बिनसुराचं, उडतं असतं. म्हटलं, 'डिप'वर जोर द्या, 'से'वर थोडासा, बाकी अक्षरं त्या 'यौ'सारखी उडवा. जमलं.

व्युत्पत्ती मी हौसेपोटी सांगते. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने 1754 मध्ये एका पत्रात सरेंदीपच्या तीन राजपुत्रांच्या गोष्टीवरून 'सेरेंडिपिटी' हे नाम घडवलं. विशेषण बरंच नंतरचं. सरेंदीप म्हणजे आपलं सिंहलद्वीप, श्रीलंका. पाचव्या शतकात तिथे दोन वर्षं राहिलेल्या फाश्यान (फाहियान) या चिनी बौद्ध भिक्षूने त्या बेटाला 'सिंहांचा देश' म्हटलंय. फाश्यान त्यांचा घरचा माणूस, त्यामुळे हे ऐकल्यावर शब्द परका वाटेनासा होतो.

एक मात्र बजावते. परीक्षेतल्या त्या दोन मिनिटांच्या भाषणात हा शब्द एकदाच, तोही गोष्टीत बसला तर. पाठांतराचा वास परीक्षकाला लगेच येतो.