मे महिन्यातलं अल्बर्टो वादळ मी कसं टिपलं

२५ मे २०१८ ला दोन समुद्रांत दोन वादळं होती. अरबी समुद्रातलं मेकुनू ओमानच्या सलालाजवळ किनाऱ्याला धडकत होतं, आणि त्याच दिवशी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाच्या दक्षिणेला अल्बर्टोला नाव मिळालं. मेकुनूच्या उपग्रह चित्रात ढगांची गोल भिंत आणि मधोमध डोळा. अल्बर्टोचं चित्र उघडलं तर केंद्र नेमकं कुठे आहे हेच चटकन कळत नव्हतं. ढगांचा सगळा ढीग पूर्वेला, पश्चिमेची बाजू जवळपास रिकामी. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरने त्याला उपोष्णकटिबंधीय वादळ म्हटलं. अशा वादळाची नोंद ठेवण्याची रीत नेहमीच्या चक्रीवादळापेक्षा थोडी वेगळी आहे. फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्यांनाही ती उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी वेळेचं गणित पक्कं करून घ्यावं, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. हरिकेन सेंटरची मुख्य बुलेटिनं जागतिक वेळेनुसार ३, ९, १५ आणि २१ वाजता येतात. भारतात तेव्हा सकाळचे साडेआठ, दुपारचे अडीच, रात्रीचे साडेआठ आणि पहाटेचे अडीच वाजलेले असतात. फ्लोरिडात एकच घड्याळ चालत नाही. राज्याचा बराचसा भाग पूर्वेच्या वेळेवर आहे, पण अल्बर्टो जिथे धडकलं तो वायव्येचा पट्टा अमेरिकेच्या मध्य विभागाच्या वेळेवर, म्हणजे एक तास मागे. म्हणून वहीत मी फक्त जागतिक वेळ लिहितो. किनाऱ्यासाठी इशारा लागू झाला की मधली बुलेटिनंही सुरू होतात आणि दर तीन तासांनी नवं केंद्र हाती येतं.

वहीत रकाने सात: वेळ, अक्षांश, रेखांश, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत), केंद्रातला दाब, जाण्याची दिशा, पुढे सरकण्याचा वेग. शेवटचा रकाना बुलेटिनमधून उतरवायचा आणि स्वतः पडताळायचा. अक्षांशाचा ०.१ अंश म्हणजे ११ किलोमीटर. रेखांशाचा ०.१ अंश ३० अक्षांशावर साधारण साडेनऊ किलोमीटर भरतो. सहा तासांत केंद्र सरळ उत्तरेला एक अंश गेलं तर १११ किलोमीटर, म्हणजे ताशी साडेअठरा. हा हिशोब बुलेटिनशी जुळला नाही तर बहुतेक वेळा केंद्र 'चाललेलं' नसतं, जुनं केंद्र विरून दुसरीकडे नवं तयार झालेलं असतं. विस्कळीत वादळात हे नेहमी होतं. अशा जागी मी आडवी रेघ मारतो आणि पुढचा वेग नव्या केंद्रापासून मोजतो. दोन्ही बिंदू जोडले की वादळाने अचानक वळण घेतल्याचा भास होतो आणि पुढचा सगळा अंदाज तिरका जातो.

आता मुख्य प्रश्न: उपोष्ण म्हणजे काय, आणि ते ओळखायचं कसं? उष्णकटिबंधीय वादळ जगतं ते समुद्राच्या उष्णतेवर आणि केंद्राभोवतीच्या गडगडाटी ढगांवर. थंड प्रदेशातलं कमी दाबाचं क्षेत्र जगतं ते गरम आणि थंड हवेच्या टकरीवर. उपोष्ण वादळ या दोहोंच्या मधलं. त्याच्या वरच्या थरात थंड हवेचा एक खोलगट पट्टा असतो. म्हणूनच समुद्राचं तापमान चक्रीवादळासाठी मानल्या जाणाऱ्या २६.५ अंशांपेक्षा कमी असलं तरी ते उभं राहू शकतं. खाली पाणी बेताचं गरम असलं तरी वरची हवा इतकी थंड असते की ढग उंच चढतात. मे महिन्यात हे जास्त जमतं, कारण थंडीतले वरचे पट्टे अजून दक्षिणेपर्यंत उतरत असतात आणि पाणी तापायला लागलेलं असतं.

मी तीन गोष्टी तपासतो. पहिली, सर्वात जोराचा वारा केंद्रापासून किती लांब आहे. शंभर किलोमीटरच्या पलीकडे असेल तर उपोष्ण असण्याची शक्यता वाढते. दुसरी, पाण्याची वाफ दाखवणाऱ्या उपग्रह चित्रात कोरड्या हवेची गडद जीभ केंद्राकडे वळते आहे का. अल्बर्टोत ती स्पष्ट दिसत होती. तिसरी, फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीचा चक्रीवादळ-अवस्थेचा आलेख. त्यात एक अक्ष वादळाच्या दोन बाजूंच्या तापमानात किती फरक आहे ते दाखवतो. हा फरक हवेच्या थराच्या जाडीवरून, म्हणून मीटरमध्ये मोजतात. १० मीटरच्या आत म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, त्यापलीकडे म्हणजे एक बाजू गरम आणि एक थंड. दुसऱ्या आकृतीत खालच्या आणि वरच्या थरातला गाभा गरम की थंड ते कळतं. खाली गरम आणि वर थंड असा बिंदू आला की समजावं, हे मधलं प्रकरण आहे. मात्र हा आलेख मॉडेलच्या आकड्यांवर काढलेला असतो. मॉडेलने केंद्रच चुकीच्या जागी धरलं असेल तर आलेखही चुकतो. म्हणून तो उपग्रह चित्राशेजारी ठेवूनच वाचावा.

केंद्र शोधायला दिवसा दृश्य प्रकाशातलं चित्र सर्वात चांगलं. पांढऱ्या शुभ्र उंच ढगांकडे पाहायचं नाही. खालचे करडे, बारीक ढग कुठल्या बिंदूभोवती वळताहेत ते पाहायचं. स्थिर चित्रात हे दिसत नाही, दहा-बारा चित्रं ओळीने फिरवावी लागतात. रात्री इन्फ्रारेड चित्रात खालचे ढग समुद्रासारखेच दिसतात आणि नजर आपोआप पूर्वेच्या तेजस्वी ढिगाकडे जाते. अल्बर्टोसारख्या वादळात याने दीडशे-दोनशे किलोमीटरची चूक सहज होते. तपासायला मेटॉप उपग्रहांवरचं समुद्राच्या पृष्ठभागाचे वारे मोजणारं यंत्र आहे, पण त्याचे दोन पट्टे प्रत्येकी साडेपाचशे किलोमीटरचे आणि मधे सातशेएक किलोमीटरची फट. वादळ नेमकं फटीत सापडलं की पुढच्या फेरीची वाट पाहायची. त्या वेळी बिलोक्सीच्या हवाई तळावरून उडणाऱ्या टेहळणी विमानांचे आकडे सर्वात भरवशाचे.

वाऱ्याचे आकडे एकमेकांशी ताडताना फार जपावं लागतं. अमेरिकेची बुलेटिनं १ मिनिटाची सरासरी देतात, भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांची. समुद्रातले तरंगते बोये ८ मिनिटांची सरासरी देतात, आणि त्यांचं यंत्र बहुतेक ठिकाणी पाण्यापासून चार-पाच मीटरवर असतं, तर बुलेटिनमधला वेग १० मीटर उंचीचा. त्यामुळे बोया ३५ नॉट दाखवत असताना बुलेटिन ४० म्हणतं यात विसंगती काही नाही.

अल्बर्टोचा कमाल वेग ताशी ६५ मैल, म्हणजे ५५ नॉट झाला. २८ मे ला, मेमोरियल डेच्या सुट्टीच्या दिवशी, ते फ्लोरिडातल्या लगुना बीचजवळ जमिनीवर आलं तेव्हा वेग ४५ मैलांवर उतरला होता. हरिकेन सेंटर वादळाच्या पुढच्या मार्गाचा शंकूच्या आकाराचा नकाशा देतं. त्याने लोकांची दिशाभूल होते ती इथे. शंकू फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, तोही मागच्या पाच वर्षांच्या चुकांवरून, तीनपैकी दोन वेळा केंद्र आत राहील अशा रुंदीचा. पाऊस आणि वारा त्यात नसतोच. अल्बर्टोचा मुसळधार पाऊस शंकूच्या बराच पूर्वेला, मध्य क्युबात पडला आणि तिथे पूर आले. पुढे नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, आधीच भिजलेल्या जमिनीवर, दरडी आणि पूर. अवशेष थेट मिशिगनपर्यंत गेले. उपोष्ण वादळासाठी मी नकाशावर केंद्राच्या रेषेपेक्षा पूर्वेच्या पट्ट्यावर जाड पेन्सिल फिरवतो, ती यासाठी.

यानंतर पुण्या-मुंबईहून नेहमी येणारा प्रश्न: मे महिन्यातच सुरुवात झाली, म्हणजे वर्ष वाईट जाणार का? अरबी समुद्रात मे हा वादळांचाच महिना, तिथे हा प्रश्न वेगळा. अटलांटिकचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणून मे मधलं नाव डोळ्यात भरतं. पण जुन्या नोंदी काढून पाहा. २०१५ ला मे मध्ये ॲना आलं, वर्षभरात नाव मिळालेली वादळं फक्त ११. २०२० ला मे मध्ये दोन, आणि वर्षाअखेर ३०. १९९२ ला तर एप्रिलमध्येच एक उपोष्ण वादळ झालं. पुढचा हंगाम एकंदर शांत गेला, पण त्याच शांत हंगामात ऑगस्टमध्ये अँड्रूने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला.

कारण सरळ आहे. मे मधलं उपोष्ण वादळ वरच्या थंड पट्ट्याच्या जिवावर उभं राहतं. ऑगस्ट-सप्टेंबरची मोठी वादळं आफ्रिकेकडून येणाऱ्या हवेच्या लाटांतून, खोल उष्ण कटिबंधात जन्मतात. एकाची परिस्थिती दुसऱ्याबद्दल काही सांगत नाही. म्हणून अल्बर्टोनंतर मी वहीत वेगळं पान उघडलं आणि तीन गोष्टी टिपत गेलो: आफ्रिका ते कॅरिबियन पट्ट्यातलं समुद्राचं तापमान, प्रशांत महासागरातल्या एल निनोची वाटचाल, आणि जून-जुलैमध्ये २३.५ अंश उत्तरेच्या खाली, ७५ अंश पश्चिमेच्या पूर्वेला काही वादळ होतं का. तिसरी खूण कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे अभ्यासक महत्त्वाची मानतात. अल्बर्टो या चौकटीत बसतच नाही.

२०१८ ला या तिन्ही खुणा एका दिशेने बोलत नव्हत्या. व्यापारी वारे जोरात होते, त्यामुळे उष्णकटिबंधीय अटलांटिक गार पडला. एल निनो येईल असा कल दिसत होता. नोआने (अमेरिकेची सरकारी हवामान आणि समुद्र संस्था) २४ मे ला १० ते १६ नावांचा अंदाज दिला होता, तो ९ ऑगस्टला ९ ते १३ वर आणला. पण ५ जुलैला बेरिल नेमकं त्या चौकटीत, खोल उष्ण कटिबंधात तयार झालं. एल निनो वेळेवर आला नाही. वर्षाअखेर १५ नावं आणि ८ हरिकेन.

हंगामाचं वजन मी नावांच्या संख्येने नाही, साठलेल्या ऊर्जेच्या आकड्याने मोजतो. दर सहा तासांचा कमाल वेग नॉटमध्ये घ्यायचा, वर्ग करायचा, बेरीज करून १०,००० ने भागायचं. ३५ नॉटचं वादळ दिवसभर टिकलं तर ०.४९. १०० नॉटचं हरिकेन दिवसभर टिकलं तर ४. उपोष्ण अवस्थाही यात धरतात, पण अल्बर्टोच्या रकान्यात शेवटी फार काही जमा झालं नाही.

१० ऑक्टोबरला मायकेल हरिकेन फ्लोरिडातल्याच मेक्सिको बीचजवळ धडकलं. लगुना बीचपासून ही जागा किनाऱ्याने साठेक किलोमीटर. त्या दिवशी वहीत मी ताशी १५५ मैल, चौथी श्रेणी असं लिहिलं होतं. एप्रिल २०१९ मध्ये फेरतपासणीनंतर हरिकेन सेंटरने ते १६० मैल, पाचवी श्रेणी असं सुधारलं, तेव्हा जुना आकडा खोडून त्याच ओळीत नवा लिहिला आणि ऊर्जेची बेरीज पुन्हा केली.