काजळी धरलेली कॉइल आणि नवा कापूस

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, पहिल्याच झुरक्याला चौथ्या दिवशी घशात करपट चव आली, की समजायचं, कॉइल, म्हणजे लिक्विडची वाफ करणारा तार-कापसाचा छोटा भाग, गेली.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सांगलीत लागलेली सिगारेट मी २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला सोडली. रोजच्या पंधरा-सोळा व्हायच्या. इथल्या धूम्रपान सोडवण्याच्या केंद्रातल्या बाईंनी निकोटीनचे पॅच आणि च्युइंगगमबरोबर व्हेपचाही पर्याय सांगितला, आणि मला तोच लागू पडला. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्याला आरोग्यसेवाच हा मार्ग सुचवते. भारतात मात्र २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, सगळ्यावरच कायद्याने बंदी आहे. त्यामुळे मी लिहितोय ते इकडचं आहे. तिकडच्या कुणी हे करायला जाऊ नये, आणि ज्याने कधी सिगारेट ओढलेली नाही त्याने तर यात पडूच नये.

पाच कॉइलचं पाकीट मला बारा पौंडांना पडायचं. दर चार दिवसांनी एक म्हणजे महिन्याला अठरा-वीस पौंड नुसते कॉइलवर. कोल्हापूरचा एक मित्र इथेच राहतो. तो म्हणाला, "भावा, टाकतोस कशाला? गरम पाण्यात घालून बघ की आधी."

मी बघितलं. जुनी कॉइल टँकमधून, म्हणजे व्हेपच्या लिक्विड भरायच्या टाकीतून, काढून उकळत्या पाण्याच्या वाटीत टाकली. पाणी दोन मिनिटांत चहासारखं झालं. तीन वेळा पाणी बदललं, मग नळाखाली धरली, उलटी करून फुंकली आणि टिश्यूवर ठेवली. चार तासांनी घाईघाईने बसवली, तर आत नुसतं गुरगुर करायला लागलं आणि गरम पाण्याचे थेंब जिभेवर उडाले. कापसाच्या आत पाणी राहिलं होतं. दुसऱ्या वेळी दीड दिवस रेडिएटरवर सुकवली, मग नव्या कॉइलसारखेच लिक्विडचे चार-पाच थेंब कापसावर सोडून दहा मिनिटं थांबलो. या वेळी जमलं. पहिल्या दिवशी चव छान आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा करपट.

मग मी एक जुनी कॉइल पकडीने उचकटली. माझ्या बाबतीत सगळा उलगडा तिथे झाला. आत एक बारीक वेटोळी तार आणि तिला लगटून कापूस. समईत वात तेल वर ओढते तसं हा कापूस लिक्विड तारेपर्यंत आणतो, आणि ज्योतीच्या जागी तापलेली तार त्याची वाफ करते. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकोल आणि ग्लिसरीन, दोन्ही पाण्यात सहज मिसळतात, म्हणून वाटीतलं पाणी तसं झालं होतं. पण मी ओढायचो तो आंब्याचा फ्लेवर. त्यात गोडीसाठी सुक्रालोज असतं. पाक कढईच्या बुडाला लागून काळा पडतो तसा तारेवर त्याचा कडक थर बसला होता. पाण्याने तो हलणार नव्हता. आणि तारेला टेकलेला कापूस तपकिरी होऊन करपलेला. करपलेला कापूस कितीही धुवा, तो करपलेलाच राहतो.

काही लोक पाण्याऐवजी व्होडका किंवा व्हिनेगर वापरतात. मी व्हिनेगर एकदा वापरलं. थर थोडा सुटला, पण कापसातला आंबट वास आठ दिवस गेला नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. कापूस आत असताना कॉइल कोरडी तापवून 'जाळून साफ' करायला जाऊ नका. मी ते केलं आहे. एका झुरक्यात खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं आणि घसा दोन दिवस दुखला. सुका कापूस जळतो, तारेवर उरलेलं ग्लिसरीन फार तापलं की त्यातून ॲक्रोलिन निघतं. सिगारेटच्या धुरातला घसा जाळणारा एक घटक हाच. ज्याच्यापासून पळालो तेच पुन्हा छातीत भरून घेण्यासारखं ते होतं.

त्यानंतर मी कॉइल आपली आपण बांधता येते असा टँक घेतला. २८ गेजची कँथल तार, म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. अडीच मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर सहा वेढे घातले की मीटरवर तारेच्या रोधाचा १.१ ओहमच्या आसपास आकडा येतो. इथे सफाईला खरा अर्थ आहे, कारण कापूस वेगळा काढता येतो. आधी तो ओढून टाकायचा. मग आठ-नऊ वॉटवर ठोके द्यायचे, म्हणजे एकेक सेकंद बटण दाबून तार तापवायची. तार मंद लालसर झाली की सोडायची. भगभगीत पिवळी होऊ द्यायची नाही. काजळी राखाडी होऊन सुटते. तार पूर्ण गार झाल्यावर मऊ ब्रशने झाडायची, नळाखाली धरायची, सुकवायची. बसवण्याआधी ओहम पुन्हा मोजायचे. आकडा हलला असेल तर स्क्रू ढिला आहे किंवा वेढे कुठेतरी टेकलेत. तसं असताना बटण दाबायचंच नाही. आणि हा ठोक्यांचा प्रकार निकेल किंवा टायटॅनियमच्या तारेवर अजिबात करायचा नाही.

कापसाचं काम मात्र हाताला यायला मला महिना लागला. ठासून भरला की लिक्विड चढत नाही आणि करपतं, सैल भरला की टँक गळतो. लहानपणी आजीशेजारी बसून मी फुलवाती वळायचो. दूध लावलेल्या बोटाने ती टोक ओढायची आणि म्हणायची, "बाळा, पीळ घट्ट नको रे, तेल कसं चढेल?" लेस्टरच्या स्वयंपाकघरात हातात कापसाची पट्टी घेऊन उभा असताना मला तिचे ते शब्द जसेच्या तसे आठवले. तेव्हापासून पट्टी तारेतून ओढताना जरासा अडकाव जाणवला पाहिजे, पण तार वाकता कामा नये, एवढंच बघतो. दोन्ही टोकं विंचरून थोडी विरळ करतो.

आंब्याचा फ्लेवर मी सोडला. साध्या पुदिन्याच्या, गोडी न घातलेल्या लिक्विडवर तीच तार काळी पडायला दोन आठवडे लागतात. सगळ्या धुण्या-पुसण्यापेक्षा फायदा झाला तो याचाच. कापूस आठवड्याला बदलतो. तार चार-पाच वेळा साफ झाली की सरळ टाकून नवी वळतो. तारेला पैसे असे पडतातच किती?

बायकोने मला एकदा थेट विचारलं, "अहो, एवढं घासून-पुसून ते ओढणं चांगलं होतं का?" मी नाही म्हणालो. बाल्टिमोरमधल्या ५६ व्हेपर्सची उपकरणं तपासून जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं होतं, की बाटलीतल्या लिक्विडपेक्षा कॉइलला लागलेल्या लिक्विडमध्ये आणि वाफेत शिसं, क्रोमियम, निकेल यांचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणजे धातू कॉइलमधून येतो. धुतलेली कॉइल चव सुधारते, पैसे वाचवते. ती निर्धोक आहे असं मी कुणालाही सांगणार नाही.

१ जून २०२५ पासून इथे एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली. आमच्या गोदामातल्या दोघांनी मग पुन्हा लिक्विड भरता येणारे पॉड, म्हणजे छोट्या डबीचे व्हेप, घेतले आणि कॉइल साफ कशी करायची ते मला विचारायला आले. त्यांच्या पॉडमध्ये कॉइल पक्की बसवलेली होती, कापूस काढायला जागाच नव्हती. गरम पाण्याने खळबळून दोन दिवस सुकवा, आणखी तीन-चार दिवस मिळाले तर मिळाले, करपट लागलं की टाका, असं सांगितलं. एकाने गोडाचं लिक्विड बदललं, त्याला फरक पडला.

मी सुरुवात लिक्विडच्या मिलीलिटरला १८ मिलिग्रॅम निकोटीनने केली होती. मग १२, मग ६, आता ३. दिवाळीत आम्ही तीन आठवडे सांगलीला जातोय. उपकरण अर्थातच इथेच राहणार, बरोबर फक्त निकोटीनचं च्युइंगगम. काल रात्री टँक उघडला, जुना कापूस ओढून टाकला, तार साफ केली, धुऊन सुकवली आणि खणात ठेवली. नवा कापूस घातलेला नाही.