बोटीच्या उंचीवरनं गल्ली

गेले तीन महिने घरात एकच प्रश्न, हे व्हिडिओ इन्स्टॉलेशन म्हणजे नक्की काय असतंय आणि त्यात पैसे मिळतात का. दुसऱ्याचं उत्तर, 'नाही'. पहिल्याचं सांगतो.

कोल्हापुरातला २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आणि परत २०२१ च्या जुलैतला, ह्या दोन्हींवर काहीतरी करायचं डोक्यात कधीपासनं होतं. सुरुवातीला सगळ्यांसारखंच ड्रोनचं फुटेज गोळा केलं, शिवाजी पूल, पंचगंगा घाट, शिरोलीजवळ पाण्याखाली गेलेला हायवे. बघायला भारी दिसतंय, आणि तिथंच घोळ आहे, वरनं बघितलं की पूर चक्क सुंदर दिसतो राव. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत चतुर्थीच्या तोंडावर ज्यांच्या मूर्ती गेल्या त्यांनी पूर वरनं बघितलेला नाही. बोटीतनं बघितलाय, एरवी मान वर करून वाचायच्या त्या दुकानांच्या पाट्या नाकासमोर.

मग ठरवलं, आत्ताच्या कोरड्या रस्त्यावर कॅमेरा पाण्याच्या उंचीला धरायचा आणि बोटीच्या स्पीडनं चालायचं. सोपं वाटलं. पण पाणी सपाट असतंय आणि रस्ता चढउताराचा, हे लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे खालच्या टोकाला पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर, चढ लागेल तशी कमरेला, मग गुडघ्याला, आणि मधल्या कितीतरी भिंतींवर रंग मारून रेघ पुसलेली. शेवटी ओळखीच्या गवंडीमामांना गाठलं. त्यांनी लेव्हलची नळी काढली, पारदर्शक, आत पाणी भरलेली. एक टोक मामांनी रेघेवर धरायचं, दुसरं घेऊन मी पुढं, नळीतलं पाणी थांबलं की तिथं खडूची खूण. रात्री दीडला हे चाललेलं, गस्तीवरचा एक पोलीस थांबला, काय करताय म्हणाला. मामा म्हणाले, "पुराचं पाणी मोजतोय साहेब." फेब्रुवारी महिना.

कॅमेरा बांबूला बांधला आणि खुणेखुणेनं वरखाली करत चाललो. मूकपटवाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा बनवला त्या गावात आपण बांबूवर, असो.

आवाजाचं काय करायचं ते मावशीमुळं सुटलं. आधी लोक घाटावर जाऊन "मच्छिंद्री झाली काय?" विचारायचे, म्हणजे पाणी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं काय, आता मोबाईलवर आकडा येतोय, राजाराम बंधारा पाणीपातळी इतके फूट इतके इंच, एकूण पाण्याखालील बंधारे इतके. इशारा ३९ फुटाला, धोका ४३ ला, आणि २०१९ ला ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या. मावशीनं ते सगळे मेसेज जपून ठेवलेत. तिलाच वाचायला लावले. भाजीचे दर वाचावेत तसं वाचते ती. ५५ ला थांबली आणि म्हणाली, "हितं आम्ही शेगडी माळ्यावर नेली." मग लगेच पुढचा आकडा. कापलं नाही ते.

मित्राच्या काकांचं रिकामं गोडाऊन मिळालं. तीन पडदे, तिन्ही रेघेच्या उंचीला टांगलेले, म्हणजे मान वर करूनच बघायचं. भाड्यानं आणलेल्या एका प्रोजेक्टरचा दिवा पहिल्याच संध्याकाळी पिवळा पडला आणि त्या पडद्यावरचा रस्ता गढूळ दिसायला लागला. बदलून मागणार होतो, पण बघणाऱ्यांना तोच पडदा जास्त पटला, मग गप्प बसलो.

पडद्यांकडं लोकांनी पाचेक मिनिटं बघितलं असेल. त्यानंतर एक आजी भिंतीपाशी गेल्या, हात लावला आणि म्हणाल्या, "बाळा, तुझी रेघ चुकली. आमच्याकडं अजून वीतभर वर होतं." मी नळीचं सगळं सांगायला लागलो, त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, खडू मागितला आणि ओढली रेघ. मग त्यांचा शेजारी उठला, त्याची आणखी वर. पुढच्या चार दिवसांत भिंतीवर पन्नासेक रेघा झाल्या असतील, काहींच्या शेजारी घर नंबर, एकीशेजारी म्हशीचं नाव.

काका म्हणतात जाताना चुना मारून द्या. चुन्याचा डबा आणून ठेवलाय, अजून उघडलेला नाही.