ताटातलं मीठ

आमच्या ताटात मीठ का नसतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे जेवायला आलेलं माणूस एकदा तरी म्हणतंच, "मीठ वाढायचं राहिलं वाटतं." राहिलेलं नसतं. मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा मी ताटात मीठ वाढणं बंद केलं. आता तो बारावं संपवतोय.

माझ्या माहेरी पान वाढायची सुरुवातच मिठाने व्हायची. मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. मुलगाही तसाच जेवायला शिकला. वरण-भात येईपर्यंत ओलं बोट मिठात बुडवून चाटत बसायचा आणि आम्ही सगळे कौतुकाने बघायचो. पुढे तो ताकभातावर मीठ भुरभुरायला लागला, तेही चव न घेता. हात आधी मिठाकडे जायचा, घास मागाहून. सासऱ्यांचा हात अगदी तसाच जाताना मी वर्षानुवर्षं पाहिला होता, आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्याही मीच काढून देत होते. हे लक्षात आलं त्या दिवशी पोटात खड्डा पडला.

नवजात बाळाला खारट चवीची ओढ नसते. ती काही महिन्यांनी लागते आणि किती वाढावी हे बरंचसं आपण ठरवतो. पहिल्या वर्षात बाळाच्या खाण्यात वरून मीठ घालू नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आम्ही मात्र उष्टावणाच्या मऊ भातातही "चवीपुरतं" घातलं होतं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. मुलांना त्याहूनही कमी. आणि ताटातली चिमूट ही त्यातली छोटी बाब. पाकिटावर बहुतेक वेळा मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. गेल्या सुट्टीत लेकाने नूडल्सच्या पाकिटाचं गणित मांडलं आणि तेवढं मीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून वाटीत काढलं. बराच वेळ तो वाटीकडे बघत राहिला. मग स्वतःच फरसाण, वेफर्स, सॉस, सगळं उलटून वाचू लागला. गोड बिस्किटांतही सोडियम निघालं, कारण खायच्या सोड्यातही ते असतंच. पापडखारातही.

तेव्हा, मुलगा पाच वर्षांचा असताना, ताटातल्या मिठामागोमाग आधी कणकेतलं मीठ गेलं, मग कोशिंबिरीतलं निम्मं. लिंबू, भाजलेलं जिरं, आमसूल यांनी बरंच निभावलं. पहिले पंधरा दिवस घरात रोज कुरकुर होती. दोनेक महिन्यांनी बाहेरची भेळ मुलाला खारट लागली, तेव्हा मला रडूच आलं.

"मग सैंधव वापरता का?" हाही प्रश्न येतोच. नाही. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि त्यात आयोडीन घातलेलं असेलच असं नाही. वाढत्या मुलांना आयोडीन हवंच. म्हणून साधं आयोडीनयुक्त मीठ, पण कमी.

एप्रिलमध्ये तिखटमीठ लावलेली कैरी तो खातो. मी अडवत नाही, एक फोड मीही घेते.

मिठाची बरणी ओट्यावर आहे. मागितलंत तर लगेच देईन. फक्त आधी आमटी चाखून बघा.